आठवी-नववीत तबल्याला बसलेल्या पोराला शिष्यवृत्ती कुठली?

नवी पेठ (धागा सुरू करणारा):
कलेला शिष्यवृत्त्याच नाहीत असं सर्रास म्हटलं जातं. तसं नाही. केंद्र सरकारच्या सीसीआरटी या कला-प्रशिक्षण संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती 10 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे: वर्षाला 3,600 रुपये आणि गुरूची फी 9,000 पर्यंत. एकदा मिळाली की प्रगती बघून विसाव्या वर्षापर्यंत चालू राहू शकते. दुसरी संस्कृती मंत्रालयाची, 18 ते 25 वयासाठी. महिना 5,000, दोन वर्षं. अट अशी की गुरूकडे किमान पाच वर्षं तालीम झालेली हवी.

आता आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातला यंत्रमाग कामगाराचा मुलगा घ्या. पंधराव्या वर्षी तबल्याला बसला. पहिल्या शिष्यवृत्तीचं वय उलटून गेलं. दुसरीची पाच वर्षं भरायला विशी येते. या मधल्या काळात क्लासची फी आहे, तबल्याची शाई उडाली की नवी पुडी आहे, आणि घरात 'मागावर कधी उभा राहतोस' हा प्रश्न आहे. बहुतेक पोरं इथंच सुटतात.

म्हणून माझं म्हणणं: आपली मंडळं आणि देणगीदार एका रात्रीच्या स्पर्धेला जी बक्षिसं देतात, ते पैसे पंधरा ते वीस वयाच्या मुलांना महिन्याला द्यावेत. हजार-दीड हजारसुद्धा पुरतील, पण न चुकता.

विजापूर वेस:
मला अजिबात पटलेलं नाही. स्पर्धा बंद केल्या तर ही पोरं वाजवणार कुणासमोर? अभिनेते अतुल कुलकर्णी इथल्या नाट्य आराधना या नाट्यसंस्थेत काम करत करत दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले. राज्य नाट्य स्पर्धेचं सोलापूर केंद्र आहे म्हणून हौशी संस्था वर्षाला एक तरी नवं नाटक उभं करतात. कलाकार रंगमंचावर घडतो. महिन्याचे पैसे हातात पडले की रियाज होतोच असं नाही, आणि तो झाला की नाही हे तपासणार कोण?

नवी पेठ:
त्याच नाट्य विद्यालयात निवडलेल्या विद्यार्थ्याला दरमहा शिष्यवृत्ती मिळते, ती का? खोलीभाड्याच्या काळजीत माणूस शिकू शकत नाही, हे तिथं मान्य झालंय. आपल्या पोरांच्या बाबतीत तेवढंच मान्य करा.

हलगी:
दोघांचंही बोलणं विद्यार्थ्यापाशीच थांबलंय. शिकवणाऱ्याचं काय? मोडनिंबच्या लावणी-तमाशाच्या कला केंद्रांत आयुष्य गेलेल्या ढोलकीवाल्याकडं बसायला पोरं तयार आहेत, पण त्याचंच पोट भरत नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं राज्य सरकारची मानधन योजना आहे, पन्नाशीपुढच्या साहित्यिक-कलावंतांना महिना 5,000. त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो आणि किती वर्षं कला केली याचे पुरावे लागतात. आता जन्मभर फडावर वाजवलेल्या माणसाकडं कात्रणं कुठून येणार? ज्या रात्री तो वाजवत होता तेव्हा कुणी फोटो काढत नव्हतं. माझं स्पष्ट मत आहे, पहिला पैसा म्हाताऱ्या कलावंताला. तो गेला की शिकायचं कुणाकडं, हे पोरांना सांगा.

सीसीआरटीच्या 650 जागांपैकी 125 परंपरेनं कला करणाऱ्या घरातल्या मुलांसाठी राखीव आहेत. आमच्या गोंधळी-डोंबारी वस्त्यांत हे किती जणांच्या कानावर गेलंय? ते आधी करा.

पार्क चौक:
मी चित्रकलेचा शिक्षक. वर संगीत-नाटकच चाललंय म्हणून लिहितो. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या श्रेणीला दहावीत 7, 5 किंवा 3 वाढीव गुण मिळतात. त्यामुळं नववीपर्यंत वर्ग भरलेला असतो आणि दहावीनंतर ब्रश कपाटात जातो. यंदा एका मुलीनं छान वस्तुचित्र केलं होतं. पितळी तांब्यावर खिडकीचा उजेड तिनं कागद कोरा ठेवून दाखवला होता, पांढरा रंग न लावता. हे शिकवून येत नाही. आई विड्या वळते, हजार विड्यांमागे मजुरी. मुलीला कॉमर्सला घातलं, कारण कला महाविद्यालय म्हणजे रंग, कागद, बोर्ड यांचा खर्च, आणि पुण्याला जायचं तर राहण्याचा वेगळा. राज्य सरकारच्या महाडीबीटी या शिष्यवृत्ती पोर्टलवर फी परत मिळते हो, रंगांचे पैसे मिळत नाहीत. नवी पेठ यांच्या बाजूनं माझं मत.

विजापूर वेस:
सर, त्या मुलीसाठी मी स्वतः पैसे देईन, मनापासून सांगतो. पण एका मुलीला मदत करणं वेगळं आणि अख्ख्या शहराची बक्षिसं मोडून महिन्याची वाटणी लावणं वेगळं. निवड कोण करणार? नगरसेवकाचा भाचा यादीत पहिला असेल. स्पर्धेत निदान हजार माणसं बघत असतात कोण कसं वाजवतंय.

नवी पेठ:
ही भीती खरी आहे, मला मान्य. मग निवड स्पर्धेतूनच करा. हजार माणसांसमोर जो वाजवेल त्याला त्या रात्री अकरा हजार देण्याऐवजी वर्षभर महिन्याला हजार द्या, आणि त्यातले निम्मे थेट गुरूच्या हातात. हलगी यांचा प्रश्नही थोडा सुटेल.

हलगी:
थोडा नाही चालणार. गुरूला पाचशे रुपयांत पोरगं शिकवा म्हणणं म्हणजे त्याच्या कलेची किंमत तुम्हीच पाडताय. मानधनाच्या अर्जाला पुरावे गोळा करायला आधी चार जण सोबत या, मग पुढचं बोलू.