मदत हवी आहे: आल्प्समध्ये गाड्या अजिबात नसलेला ग्रॅव्हल मार्ग

मीरा_इसार
नमस्कार मंडळी. उत्तर जरा लवकर हवं आहे, हॉटेल फुकटात रद्द करायची मुदत शुक्रवारी संपते.
तीन दिवस, ग्रॅव्हल सायकली (खडीच्या वाटांवर चालणाऱ्या), आल्प्समधली दरी, आणि गाड्या नकोत. 'रहदारी कमी असते' असं नको, गाड्याच नकोत. मागच्या वर्षी एक व्हॅन इतकी चिकटून गेली की तिचा आरसा माझ्या कोपराला लागला. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून मागून इंजिनाचा आवाज आला की मी हँडल आवळून धरते आणि थांबते. मला सायकल सोडायची नाही. नकाशावर हिरवी रेघ दिसते आणि प्रत्यक्षात निम्मा मार्ग गावाच्या डांबरी रस्त्यावरून जातो, हे खूपदा झालंय. म्हणून स्वतः चालवलेल्यांनीच सांगा.

रानवाटा
कोणता देश? कोणता महिना? निघणार कुठून, ट्रेनने की गाडीवर सायकली लादून? टायर किती रुंद? बरोबर कोण? आल्प्स फ्रान्सपासून स्लोव्हेनियापर्यंत पसरलेत हो.

इनकाठ
स्वित्झर्लंडमधली एंगाडिन दरी. दुसरा विचारच करू नका. ६५ नंबरचा इन नदीचा सायकलमार्ग मलोयापासून मार्टिनापर्यंत नदीबरोबर जातो. वरच्या भागात तळ्यांकाठची आणि जंगलातली खडीची वाट, खाली झेरनेत्स, सुश, लाविन. ग्वार्दा उंचावर वसलंय, तिथला चढ दमवतो पण गाव बघाच. थकलात तर दरीतून लाल गाड्यांची रेल्वे आहेच. स्वित्झर्लंडसारख्या पाट्या जगात कुठे नाहीत.

मीरा_इसार
जून अखेर. म्युनिकहून ट्रेनने. स्वित्झर्लंड नको, उत्तर इटलीत टोब्लाखला चार रात्री हॉटेल धरून ठेवलंय.

रानवाटा
ताई, हॉटेल टोब्लाखला आहे हे पहिल्या ओळीत हवं होतं! मग दरी ठरलीच, पुस्टरटाल. तिकिटाच्या साइटवर गाव 'डोब्बियाको' नावाने येईल, दक्षिण टिरोलमध्ये प्रत्येक पाटीवर जर्मन आणि इटालियन दोन्ही नावं असतात.

अटकेपार_सुहास
टोब्लाखहून लिएन्झ. द्राऊ नदीचा सायकलमार्ग, साधारण ४५ किलोमीटर, जवळजवळ सगळा उतार. टोब्लाखशेजारचं इनिखेन ११७५ मीटरवर, लिएन्झ ६७३ वर. वाटेत सीमा ओलांडून ऑस्ट्रिया लागतो, पण रस्त्यात फक्त एक पाटी दिसते. संध्याकाळी सायकलीसकट ट्रेनने परत. आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. हाइनफेल्सला वेफर बिस्किटांचा कारखाना आहे, तिथून मुलं हलायला तयार नव्हती.

डबलट्रॅक
सुहासराव, त्यांनी ग्रॅव्हल विचारलंय. तो मार्ग बहुतेक डांबरी आहे. शिवाय उन्हाळ्यात भाड्याच्या सायकलींची जत्रा असते, इटालियन कुटुंबंच्या कुटुंबं उतरत असतात. १५ ऑगस्टच्या आसपास, इटलीतल्या मोठ्या सुट्टीत, तर जाऊच नये.

अटकेपार_सुहास
त्यांनी गाड्या नकोत हेही विचारलंय, आणि तेच पहिलं आहे. मोटारीला घाबरलेल्या माणसाला लहान मुलांच्या सायकली चालतील. आणि जून अखेर म्हणजे ऑगस्ट नव्हे.

डबलट्रॅक
मान्य, पण टोब्लाखला राहून कोर्तिनाची वाट सोडायची?
मीराताई, नीट वाचा. टोब्लाख ते कोर्तिना हा जुना रेल्वेमार्ग आहे. पहिल्या महायुद्धात सैन्यासाठी काम सुरू झालं, १९२१ पासून कोर्तिनापलीकडच्या कालाल्त्सो ते टोब्लाख सगळी अरुंद रुळांची गाडी धावायला लागली, १९६४ मध्ये बंद पडली. रूळ काढले आणि त्याच जागेवर सायकलवाट झाली. रेल्वेला तीव्र चढ चालत नाही, म्हणून चढ सौम्य आहे. टोब्लाख १२०० मीटरच्या थोडं वर, चिमाबान्के खिंड १५३० वर, मधलं अंतर पंधराएक किलोमीटर. मग कोर्तिनापर्यंत तेवढाच उतार. एकूण तीस किलोमीटरच्या आसपास, आणि टोब्लाखकडून कोर्तिना जवळ येईपर्यंत दाबून बसवलेली खडी.
आधी टोब्लाखचं तळं, मग नासवांडला महायुद्धातल्या सैनिकांचं स्मशान, झाडांत ओळीने क्रूस. लान्द्रोजवळ डावीकडची एक दरी उघडते आणि ड्राय झिनेनचे तीन सुळके दिसतात. पुढे ड्युरेनझे तळं. खिंडीनंतर फेलित्सोनच्या घळीवरचा पूल आणि बोगदे, पुढचा दिवा जवळ ठेवा.
एक गोष्ट तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो. वाट वेगळी आहे, पण त्याच दरीतून मोठा रस्ता जातो. सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलींचा आवाज येतो. गाडी तुमच्या वाटेवर येणार नाही, आवाज मात्र कानावर येईल. सकाळी लवकर निघा.

मीरा_इसार
आवाजाचं सांगितलंत ते फार बरं केलंत. कुठल्याच ब्लॉगवर नव्हतं. वाट दुसरीकडे आहे हे माहीत असलं की चालेल असं वाटतं.
टायर ३८ मिलिमीटरचे आहेत. बाबांना भाड्याने ई-बाईक घेऊ.

रानवाटा
बाबा?

मीरा_इसार
बाबा नाशिकहून येताहेत. वय ६३. नवरा, मी, बाबा असे तिघे.

गोदाकाठ
नाशिककर म्हटल्यावर काळजी कशाला! महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, पूर्ण केली तेव्हापासून आमच्याकडे पन्नाशीनंतर सायकल घेणारे वाढलेत. पहाटे गंगापूर रोडला या, दिसतील. काकांना ई-बाईक देऊ नका, चिडतील.

सह्यपेडल
विमानातून सायकल आणायची असेल तर दुकानातून पुठ्ठ्याचं खोकं मागा, पेडल काढा, हँडल फिरवा, हवा थोडी कमी करा, मागच्या डिरेलरभोवती (गिअर बदलणारा भाग) जुनी चादर गुंडाळा. वजन आधी घरी करा.

रानवाटा
सायकल आणायचं कोण म्हणालं?

सह्यपेडल
कुणाला तरी उपयोग होईल. ३८ चे टायर खडीला अपुरे आहेत हेही सांगतो. किमान ४५, ट्यूबलेस, आत सीलंट (भोक बुजवणारं द्रव). यात तडजोड नको.

डबलट्रॅक
कोर्तिनाच्या वाटेवर लोक साध्या ट्रेकिंग सायकलवर जातात. ३८ भरपूर. हवा थोडी कमी ठेवा, उतारावर मोकळ्या खडीत पुढचा ब्रेक हळू दाबा. नवे टायर घ्यायला लावून माणसाचा बेत मोडू नका.

सह्यपेडल
पंक्चर झाल्यावर माझी आठवण काढाल.

बव्हेरियन_पोहे
लिएन्झच्या बाजूला गेलात तर सायकलमार्ग कशाला, सरळ जंगलातले रस्ते घ्या. जीपीएक्स फाइल (मार्गाची रेघ) फोनवर उतरवा आणि सुटा. एक गाडी दिसत नाही.

इनकाठ
असं सांगू नका. ऑस्ट्रियात १९७५ च्या वनकायद्याने जंगलात पायी फिरायची मोकळीक आहे, सायकलला जमीनमालकाची परवानगी लागते. खुल्या केलेल्या वाटांवर तशी पाटी असते. पाटी नसेल तर मागे फिरा. अॅपमध्ये रेघ दिसते म्हणून ती वाट कायदेशीर होत नाही, आणि लाकडं वाहणारा ट्रक समोर आला तर मीराताईंचं काय होईल?

बव्हेरियन_पोहे
आम्हाला कधी कुणी अडवलं नाही.

इनकाठ
अडवलं नाही हा काय पुरावा झाला?

अटकेपार_सुहास
भांडण बाजूला ठेवा. बाबांसाठी: व्हिसा शेंगेनचाच असेल, पण लिएन्झच्या दिवशी मूळ पासपोर्ट बरोबर हवा. तुम्हा दोघांनाही, जर्मन रेसिडेन्स कार्डाबरोबर पासपोर्ट लागतोच. ट्रेनमध्ये तपासतात. ११२ हा नंबर दोन्ही देशांत चालतो, ऑस्ट्रियात डोंगरातल्या मदतीसाठी १४० वेगळा आहे.

गोदाकाठ
जेवणाचं काय? काका शाकाहारी असतील तर?

अटकेपार_सुहास
कासक्न्योडल म्हणजे चीजचे गोळे, पालक भरलेले श्लुट्सक्राप्फन (पास्त्याचा प्रकार), हे सगळीकडे मिळतं. रस्सा मांसाचा आहे का ते विचारून घ्यावं.

मीरा_इसार
बाबा सगळं खातात :) तिसऱ्या दिवसाचं कुणीच बोललं नाही. आणि म्युनिकहून सायकली ट्रेनमध्ये कशा?

रानवाटा
ब्रेनर खिंडीवरून इटलीला जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीने फ्रान्झेन्सफेस्टे, तिथे पुस्टरटालची लोकल. लांब गाडीत सायकलची जागा आरक्षित करावीच लागते आणि ती माणसांच्या जागेआधी संपते. हॉटेलचं शुक्रवारी ठरवाल, सायकलींचं आज रात्रीच बघा.
तिसरा दिवस: पश्चिमेला ब्रुनेककडे. टोब्लाखचं पठार पाणलोटाची सीमा आहे. द्राऊ पूर्वेला डॅन्यूबकडे जाते, रिएन्झ पश्चिमेला आडिजेकडे. म्हणजे ब्रुनेकलाही एकंदर उतारच, फक्त मध्ये लहान चढ येतात. वेल्सबेर्ग, मग ओलांगचं धरण, तिथे जंगलात खडी. पण हे स्पष्ट सांगतो, गावांत आणि शेतरस्त्यांवर ट्रॅक्टर किंवा एखादी गाडी भेटते. तुमच्या अटीत हा दिवस पूर्ण बसत नाही.

डबलट्रॅक
मग तिसऱ्या दिवशीही कोर्तिनाच घ्या. पहिल्या दिवशी ड्युरेनझेपर्यंत जाऊन परत या, अंगाला खडीची सवय होईल. दुसऱ्या दिवशी लिएन्झ. तिसऱ्या दिवशी पूर्ण कोर्तिना आणि त्याच वाटेने परत, साठेक किलोमीटर. ई-बाईकची बॅटरी तेवढं जाईल का ते दुकानात विचारून घ्या, कोर्तिनाला जेवताना चार्ज करू देतात का तेही. दुपारनंतर गडगडाट सुरू होतो, दोनच्या आत खिंड पुन्हा ओलांडलेली बरी.

मीरा_इसार
हे जमेल. हॉटेल रद्द करत नाही. ब्रुनेक नवरा एकटा करेल, त्याला ट्रॅक्टरचं काही नाही.
रानवाटा, आत्ता बघितलं, आम्हाला हव्या त्या सकाळच्या गाडीत सायकलच्या दोनच जागा उरल्यात. घेतल्या.

सह्यपेडल
आणि स्पेअर ट्यूब?

मीरा_इसार
दोन घेतल्यात.