कर्नल ६.६ नंतर जीपीआयओची १७ नंबरची पिन सापडेना

टाकीवाला:
गच्चीवरच्या टाकीचा पंप चार वर्षं रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाच्या जीपीआयओवरून (बाहेरची उपकरणं चालू-बंद करायच्या पिना) चालवतोय. स्क्रिप्ट आठ ओळींची. सिसएफएसच्या (लिनक्स हार्डवेअर फाइलींच्या रूपात दाखवतं ती जागा) ‘एक्सपोर्ट’ फाइलीत १७ लिहायचं, ‘डायरेक्शन’मध्ये ‘आउट’, ‘व्हॅल्यू’त १. रिले (पंपाचा विजेवर चालणारा स्विच) टक्कन वाजतो, पाणी सुरू. रविवारी अपडेट केलं, लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल ६.६ आला. सोमवारी सकाळी टाकी ठणठणीत कोरडी आणि लॉगमध्ये ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’. वायरी, रिले सगळं ठीक आहे. पिन गेली कुठे?

जुनाड्रायव्हर:
पिन जागेवरच आहे, नंबर बदललाय. ५२९ लिहून बघा. हे नंबर कर्नल वाटून देतो. तुमच्या चिपला पूर्वी शून्यापासून मिळायचे, आता ५१२ पासून. त्यात १७ मिळवा.

पण स्क्रिप्टमध्ये ५२९ टाकून गप्प बसू नका. २०१६ मध्ये कर्नल ४.८ सोबत पिना चालवायचा नवा रस्ता, कॅरेक्टर डिव्हाइस, आला, तेव्हापासून सिसएफएसचा हा रस्ता मोडीतच आहे. कर्नलच्या कागदपत्रांत ‘२०२० नंतर काढणार’ असं लिहिलं होतं. तरी अजून तग धरून आहे, कारण युजरस्पेस (कर्नलबाहेर चालणारे आपले प्रोग्रॅम) मोडायची नाही हा लिनक्सचा कर्ता टॉरवाल्ड्सचा हट्ट. कर्नलच्या आतल्या इंटरफेसचं तसं नसतं. ४.१५ मध्ये टायमरचं जुनं इनिट फंक्शन काढलं, तेव्हा झाडातले (कर्नलच्या अधिकृत कोडमधले) सगळे कॉलर, म्हणजे ते फंक्शन वापरणारा कोड, कर्नलवाल्यांनीच बदलले. माझा ड्रायव्हर झाडाबाहेर, त्यामुळे माझी अख्खी संध्याकाळ गेली आणि तक्रार करायलाही जागा नव्हती.

टाकीवाला:
५२९ चाललं, आभार! मग आता लिबजीपीआयओडी, ती कॅरेक्टर डिव्हाइसची लायब्ररी?

जुनाड्रायव्हर:
हो, पण आधी आवृत्ती बघा. १ आणि २ च्या कमांड वेगळ्या आहेत, नेटवरची उदाहरणं अर्धी जुनी. आणि प्रोग्रॅमने ओळ (तिथे पिनलाच ओळ म्हणतात) सोडली की पिन तशीच राहील याची हमी नाही. पंप चालू आहे तोवर ओळ धरून ठेवणारी सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) लिहा.

शेलप्रेमी:
म्हणजे एका पिनसाठी सर्व्हिस? इको आणि कॅट या शेलच्या साध्या कमांडवर भागत होतं की!

जुनाड्रायव्हर:
भागत होतं, खरंय. पण सिसएफएसमध्ये स्क्रिप्ट मेली तरी ‘व्हॅल्यू’ १ च राहते. पंपाला थांब म्हणून कोण सांगणार?

टाकीवाला:
अरे देवा. मे महिन्यात खालच्या जोशीकाकूंच्या पापडांवर रात्रभर पाणी पडलं, ते हेच. मी त्यांना फ्लोट स्विच बिघडला म्हणून सांगितलंय.