मदत हवी आहे : 'वेअरवुल्फ'मधला 'फ' कुठून आला?

भाषाशास्त्राच्या जाणकारांनो, जरा मदत करा. 'वेअरवुल्फ' म्हणजे माणूस-लांडगा, लांडग्याचं रूप घेणारा माणूस. जुन्या इंग्रजीत 'वेर' म्हणजे पुरुष. लॅटिन 'विर' आणि आपला 'वीर' त्याचेच भाऊबंद. अकराव्या शतकात इंग्लंडच्या क्नूट राजाच्या कायद्यांत हा शब्द येतो, तोही सैतानासाठी! जर्मनमध्ये 'वेअरवोल्फ' आजही आहेच. इथवर ठीक.

अडलंय ते 'वुल्फ'पाशी. संस्कृतात लांडगा म्हणजे 'वृक' (भीम वृकोदर, तोच), मग ग्रिमच्या नियमाने (मूळ भाषेतली व्यंजनं जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या भाषांत ठरावीक रीतीने बदलतात, हा नियम) 'क'चा 'ह' व्हायला हवा. जर्मानिकमध्ये 'फ' कसा झाला? 'चत्वार'-'फोर'मध्येही हीच गंमत दिसते. शेजारच्या 'व'मुळे असं होतं म्हणतात, पण हा पक्का नियम आहे की नुसता अंदाज? यावर मराठीत कुणी सविस्तर लिहिलंय का?