रोज बायबल वाचल्याने मंडळ्यांमधील फूट मिटेल का?

पहाटवाचक:
गेली अकरा वर्षे मी रोज सकाळी पवित्र शास्त्र वाचत आहे. हिशेब सोपा आहे. सहासष्ट पुस्तकांत मिळून ११८९ अध्याय आहेत. आठवड्याचे सहा दिवस तीन आणि रविवारी पाच अध्याय वाचले, तर वर्षअखेरीस सर्व वाचून होते आणि आजारपणासाठी एकदोन दिवस हाताशी उरतात.

इतक्या वाचनानंतर माझे एक मत पक्के झाले आहे आणि ते चर्चेसाठी मांडतो. ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये आज जी फूट दिसते, तिचे मूळ शास्त्रात नसून शास्त्र न वाचण्यात आहे. बहुतेकांनी आपल्या मंडळीची मते लहानपणी प्रश्नोत्तरीतून पाठ केलेली असतात, पुढे ती रविवारच्या प्रवचनातून ऐकलेली असतात आणि दुसऱ्या मंडळीवरचे आक्षेपही तितकेच ऐकीव असतात. मूळ मजकूर मात्र कपाटातच राहतो. प्रभू येशूने धरून दिला जाण्याच्या रात्री 'त्या सर्वांनी एक व्हावे' अशी प्रार्थना केली (योहान १७:२१). 'मी पौलाचा', 'मी अपुल्लोसाचा' म्हणणाऱ्या करिंथच्या मंडळीला पौलाने ख्रिस्ताचे तुकडे झाले आहेत काय, असे विचारले. ही दोन स्थळे दरवर्षी ज्याच्या डोळ्यांखालून जातात, त्याला आपल्या पंथाचा तोरा मिरवताना थोडा तरी संकोच वाटेल. सर्व मंडळ्यांच्या सभासदांनी सिद्धांतांच्या पुस्तिका बाजूला ठेवून रोज मूळ ग्रंथ वाचला, तर एका पिढीत निम्मे वाद मिटतील, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

तळटीप:
आपल्या अकरा वर्षांच्या नेमाबद्दल आदर आहे, पण निष्कर्ष पटत नाही. ऑक्टोबर १५२९ मध्ये मारबुर्ग येथे काय घडले, ते पाहावे. जर्मनीतील हेस्से प्रांताचा शासक फिलिप याने मार्टिन ल्यूथर आणि हुल्ड्रिख झ्विंग्ली या दोन प्रोटेस्टंट धर्मसुधारकांना समोरासमोर बसवले. दोघांचेही आयुष्य शास्त्राच्या वाचनात आणि भाषांतरात गेलेले, दोघेही परंपरेपेक्षा ग्रंथ श्रेष्ठ मानणारे. पंधरा मुद्द्यांपैकी चौदांवर त्यांचे एकमत झाले. पंधराव्यावर, म्हणजे प्रभुभोजनातील भाकर ही ख्रिस्ताचे शरीर कोणत्या अर्थाने आहे यावर, बोलणे फिसकटले. 'हे माझे शरीर आहे' हे शब्द ल्यूथरने खडूने टेबलावरच लिहून ठेवले होते आणि त्यातील 'आहे' या शब्दावरून तो अखेरपर्यंत हलला नाही. झ्विंग्लीने 'आहे' म्हणजे 'दर्शवते' असा अर्थ लावला. आता सांगावे, या दोघांपैकी कोणाचे वाचन कमी पडले?

दुसरे असे की, 'मूळ ग्रंथ' म्हणताना आपण सहासष्ट पुस्तके मोजली. कॅथलिक बायबलमध्ये त्र्याहत्तर आहेत, ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत त्याहूनही अधिक आणि इथिओपियाच्या परंपरेत एक्क्याऐंशी. ट्रेंट येथील कॅथलिक धर्मसभेने १५४६ मध्ये आपली यादी ठरवली, ती या वादातूनच. म्हणजे वाचायला बसण्यापूर्वीच पुस्तक किती जाडीचे घ्यायचे, यावर मतभेद आहे. आपले ११८९ अध्याय हेसुद्धा एका पंथाचेच गणित आहे.

पहाटवाचक:
गणिताबाबतची चूक मान्य. ते माझ्या लक्षातच आले नव्हते, आणि कदाचित आपला मुद्दा त्यातूनच सिद्ध होत असावा.

मारबुर्गविषयी मात्र मला वेगळे वाटते. इतिहासात ही भेट फसलेली म्हणून नोंदली जाते. पण एकमेकांवर जहरी टीका करणारे दोन पक्ष तीनचार दिवसांत चौदा मुद्द्यांवर सहमत झाले, याला अपयश कसे म्हणावे? ती सहमती आली कोठून? दोघांसमोर एकच ग्रंथ होता म्हणूनच ना?

शिवाय वाद जिंकण्यासाठीचे वाचन आणि रोजचे वाचन यांत फरक आहे. वाद घालणारा आपल्या सोयीचे वचन शोधतो. क्रमाने वाचणाऱ्याला ती सोय नसते. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो, हे वाचून मन सुखावते. आणि काही आठवड्यांनी याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय येतो, तेथे मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे तर कर्मांनीही नीतिमान ठरतो, असे सरळ लिहिलेले असते. दरवर्षी त्या पानावर मी थबकतो. आम्हाला मंडळीत पहिले स्थळ पाठ करून घेतले होते, दुसरे कोणी शिकवले नव्हते. ज्यांना मी 'कर्मकांडी' म्हणत आलो, त्यांच्यापाशीही एक वचन आहे, हे मला कोणा विद्वानाने सांगितले नाही; ते रोजच्या वाचनानेच कळले.

सांजघंटा:
मी कॅथलिक आहे. आमच्यात बायबल वाचू देत नाहीत, अशी समजूत अजूनही आढळते, म्हणून आधी तेवढे स्पष्ट करते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली दैवी प्रकटीकरणाविषयीच्या आपल्या दस्तऐवजात सर्व श्रद्धावंतांना शास्त्राचे वारंवार वाचन करण्याचा आग्रह केला आहे आणि 'शास्त्राचे अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचे अज्ञान' हे संत जेरोम यांचे वचन तेथे उद्धृत केले आहे.

माझा आक्षेप एकट्याने वाचण्याला आहे. घरात एकट्याने वाचणाऱ्याला अडवणारे कोणी नसते. त्याला जो अर्थ सुचतो, तोच पवित्र आत्म्याने सुचवला असे त्याला वाटू लागते, आणि मग प्रत्येक घरात एक पोप तयार होतो. (हे मी थोडे गमतीने म्हणते आहे, पण थोडेच.) प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील तो कूशी अधिकारी रथात बसून यशयाचे पुस्तक वाचत होता. तुम्ही वाचता ते तुम्हाला समजते काय, असे फिलिप्पाने विचारल्यावर त्याने उत्तर दिले की, कोणी वाट दाखवल्यावाचून मला कसे समजणार?

एकत्र येण्याचा खरा मार्ग मला दुसरीकडे दिसतो आणि त्याची फारशी वाच्यता होत नाही. आमच्या मिस्सासाठी, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेसाठी, १९६९ मध्ये तीन वर्षांचे पाठचक्र तयार झाले: एका वर्षी मत्तय, पुढच्या वर्षी मार्क, नंतर लूक, आणि योहानातील उतारे सणांच्या काळात. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांनी थोडा फेरफार करून तेच चक्र उचलले आणि १९९२ मध्ये त्याची सुधारित सामायिक आवृत्ती निघाली. परिणामी आज एकाच रविवारी एकमेकांच्या दारात पाऊल न ठेवणाऱ्या मंडळ्यांत बहुधा एकच शुभवर्तमान वाचले जाते. माझी एक सहकारी मेथडिस्ट आहे. सोमवारी आम्ही दोघी काल ऐकलेल्या पाठाविषयी बोलतो, तेव्हा पाठ तोच निघतो आणि प्रवचने दोन निघतात. उधळ्या पुत्राच्या रविवारी आमच्या फादरांनी पापकबुलीवर भर दिला होता, तिच्या पाळकांनी घराबाहेर रुसून उभ्या राहिलेल्या थोरल्या भावावर. दोन्ही मिळून तो दाखला मला पहिल्यांदाच पूर्ण ऐकल्यासारखा वाटला.

खडा सवाल:
येथे सर्वांनी गृहीत धरले आहे की ऐक्य हे साध्य आहे. मला ते मान्य नाही. अंत्युखियात पेत्राने परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवणे सोडले तेव्हा पौलाने त्याला तोंडावर विरोध केला, असे गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. ऐक्यासाठी त्याने गप्प राहणे पसंत केले असते, तर परराष्ट्रीयांचे काय झाले असते? मतभेद झाकून जे मिळते, त्याला तह म्हणतात.

धागाकर्त्यांच्या मूळ दाव्याला तर इतिहासच खोडून काढतो. अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून १८४४ आणि १८४५ मध्ये मेथडिस्ट आणि बाप्तिस्ट मंडळ्या उत्तर आणि दक्षिण अशा फुटल्या. प्रेसबिटेरियनही पुढे त्याच रेषेवर विभागले गेले. दोन्ही बाजूंचे लोक घरोघरी बायबल वाचणारे होते, तेही बहुधा एकच इंग्रजी भाषांतर. फिलेमोनास पत्र दोघांनीही वाचले. एकाला त्यात पळालेल्या दासाला धन्याकडे परत पाठवणारा पौल दिसला, दुसऱ्याला 'त्याला दास म्हणून नव्हे, भाऊ म्हणून स्वीकार' म्हणणारा. मेथडिस्टांची ती फूट १९३९ मध्ये सांधली गेली, प्रेसबिटेरियनांची १९८३ मध्ये. शंभरहून अधिक वर्षे रोजच्या वाचनाने काय केले? माणूस आपले हितसंबंध घेऊन वाचायला बसतो, आणि पुस्तक उघडले म्हणून ते बाहेर राहत नाहीत.

शब्दाजवळ:
वरील सर्व प्रतिसाद वाचले. खडा सवाल यांचा मुद्दा सर्वांत अवघड आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढेच म्हणेन की, उत्तरेचे लोक उत्तरेच्या लोकांबरोबर वाचत होते आणि दक्षिणेचे धनी दक्षिणेच्या धन्यांबरोबर. गुलाम शेजारी बसून तेच पत्र मोठ्याने वाचत असता, तर धन्याला आपला अर्थ इतक्या सहज लावता आला असता का, हा प्रश्न मला पडतो; अनेक ठिकाणी गुलामांना वाचायला शिकवण्यावरच बंदी होती, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

मी सहा वर्षे एका वाचनगटात जातो. चार परंपरांची माणसे आहेत, आठवड्यातून एकदा भेटतो, उरलेले दिवस सर्वांनी घरी तोच अध्याय वाचायचा. पहिल्याच आठवड्यात गोंधळ झाला. स्तोत्र ५१ वाचून यावे, असे ठरले होते. आम्ही बहुतेकांनी दाविदाचे पश्चात्तापाचे स्तोत्र वाचले. ऑर्थोडॉक्स सभासद मात्र दुष्टपणाची बढाई मारणाऱ्या बलवान माणसाला झापणारे स्तोत्र तयार करून आले. ग्रीक परंपरेत नववे आणि दहावे स्तोत्र एकच धरतात, त्यामुळे पुढचे बहुतेक क्रमांक एकाने मागे पडतात, हे आम्हाला त्या दिवशी कळले. शेवटी प्रभूची प्रार्थना म्हणताना कॅथलिक मंडळी 'वाइटापासून सोडव' येथे थांबली आणि आम्ही 'कारण राज्य, पराक्रम आणि गौरव' म्हणत एकटेच पुढे गेलो. खोलीत अवघडलेली शांतता पसरली. घरी जाऊन पाहिले, तर मत्तयाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ती ओळ नाही. मी ज्यांना अपुरी प्रार्थना करणारे समजत होतो, त्यांचा पाठ अधिक जुना होता.

तिसऱ्या वर्षी मार्कचा नववा अध्याय आला. एक मनुष्य तुझ्या नावाने भुते काढत होता, तो आपल्यातला नाही म्हणून आम्ही त्याला मना केले, असे योहान येशूला सांगतो, आणि येशू म्हणतो, त्याला मना करू नका. आमच्यातील एक निवृत्त पाळक ते वाचताना मध्येच थांबले. चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, "मी एका बाईला दुसऱ्या मंडळीत बाप्तिस्मा झाला म्हणून प्रभुभोजन नाकारले होते. हे वचन तेव्हाही मला पाठ होते." ते वचन त्यांनी आयुष्यभर एकट्याने वाचले होते.

तळटीप:
हा प्रसंग वाचून मीही थोडा थांबलो. तरीही विचारतो: आपल्या गटात सहा वर्षांनंतर सर्वांना एका मेजावरून प्रभुभोजन घेता येते का? मला वाटते, नाही. मंडळ्यांमधील जी सहमती अधिकृतपणे झाली, ती अभ्यासकांच्या चिकाटीने झाली. लुथेरन आणि कॅथलिक यांच्यात विश्वासाने नीतिमान ठरण्याविषयी संयुक्त घोषणापत्रावर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे सह्या झाल्या, त्यामागे सुमारे तीस वर्षांचा संवाद होता. पुढे मेथडिस्ट २००६ मध्ये, तर रिफॉर्म्ड मंडळ्या २०१७ मध्ये त्यात सामील झाल्या. हे काम रोज तीन अध्याय वाचून होत नाही.

शब्दाजवळ:
मेजाबाबत आपण बरोबर आहात. येत नाही, आणि त्याचे दुःख दर वेळी होते. मात्र अभ्यासकही शेवटी एकत्र बसून वाचतच होते, हे विसरू नये. फ्रेंचमध्ये कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स यांनी मिळून बायबलचे भाषांतर करायचे ठरवले, तेव्हा त्यांनी प्रथम रोमकरांस पत्र हाती घेतले, कारण सोळाव्या शतकात सर्वाधिक भांडण त्यावरूनच झाले होते. ते जमले तर बाकीचे जमेल, असा त्यांचा विचार होता. ते पत्र १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि संपूर्ण बायबल १९७५ मध्ये. जेथे एकमत झाले नाही, तेथे त्यांनी दोन्ही अर्थ टिपेत दिले. आपले टोपणनाव पाहता आपल्याला ते आवडावे.

पहाटवाचक:
माझे मूळ विधान मी दुरुस्त करतो. रोजच्या वाचनाने मला माझ्या मंडळीच्या शिकवणीतील गाळलेली जागा दाखवली, हे खरे. पण याकोबाच्या पानावर थबकल्यानंतर अकरा वर्षांत मी ते वचन जपणाऱ्या एकाही माणसाला त्याविषयी विचारले नाही, हेही खरे. थबकायचो आणि पुढच्या अध्यायाला लागायचो, कारण दिवसाचा हिशेब पुरा करायचा असे. 'निम्मे वाद' आणि 'एक पिढी' हे शब्द मागे घेतो. वाचन सोडणार नाही. शब्दाजवळ, असा गट सुरू करायचा झाल्यास कोठून सुरुवात करावी?

शब्दाजवळ:
मार्कपासून. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान आहे, सोळा अध्यायांत संपते आणि सर्वांच्या बायबलमध्ये आहे. रोमकरांस पत्र पहिल्या वर्षी घेऊ नका; त्या भाषांतरकारांचे धैर्य आपल्यात नसते. स्तोत्र सांगताना क्रमांकाबरोबर पहिली ओळही सांगा. आणि प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटी, जे थांबतात त्यांच्यासाठी एक श्वास थांबा.

खडा सवाल:
माझा विरोध कायम आहे. तरी गट सुरू झाल्यास कळवावे, मी येईन. फक्त गलतीकरांस पत्राची पाळी कधी येणार, ते आधी ठरवून घ्यावे.