‘स्वमग्न’ शब्द पटतो का? आणि मेल्टडाउनला मराठीत काय म्हणाल?

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक. ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात, क्वचित आत्ममग्नता. कानाला गोड, पण मला तो शब्द खटकतो. ‘मग्न’ आला ‘मज्ज्’ धातूवरून, म्हणजे बुडणे. विचारमग्न माणसाला बाहेरचं ऐकू येत नाही. माझ्या मुलाला नको तितकं ऐकू येतं. ट्यूबलाइटची गुणगुण आमच्या आधी त्याला कळते, कॉलरमागचं लेबल दिवसभर टोचतं. हा स्वतःत बुडालेला कुठला? बाहेरचंच सगळं त्याच्या अंगावर येत असतं.

दुसरा शब्द मेल्टडाउन, म्हणजे सगळं असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटतो, तो रडतो-ओरडतो, ते. लोक सरळ ‘हट्ट’ म्हणतात. हट्टाला काहीतरी हवं असतं, ते मिळालं की तो थांबतो. इथे काहीही द्या, थांबत नाही. मला ‘उतू जाणं’ सुचतंय. दूध उतू गेलं तर आपण दुधाला रागवत नाही, आच कमी करतो.

प्रतिसाद : ‘स्वमग्न’चं खापर मराठीवर नको. मूळ शब्दातच ग्रीक ‘ऑटोस’ आहे, म्हणजे ‘स्वतः’. ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९११च्या ग्रंथात तो स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबद्दल वापरला. १९४३ साली लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने ११ मुलांवर लेख लिहिला, तेव्हा तोच उचलला. आपण फक्त मराठी केलं. आता रुळलाय, राहू द्या.
‘उतू जाणं’ला मात्र हरकत आहे. कहाण्यांमधलं ‘उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील’ आठवा. उतणं म्हणजे माजणं! या मुलांना लोक आधीच माजलेली म्हणतात.

प्रतिसाद : आमच्याकडे ‘कोलमडणं’ म्हणतो. आणि मुलगी कधी कधी उलट एकदम गप्प होते, हाकेला ओ देत नाही, त्या शटडाउनला ‘मिटणं’. लाजाळूच्या पानासारखं.

‘मिटणं’ घेतला! ‘कोलमडणं’ जरा कायमचं वाटतं, हा तर तासाभराने उठून कोडी जुळवत बसतो. ‘उतशील मातशील’ माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

खरं तर त्याचा स्वतःचा एक शब्द आहे. तो ऐकलेली वाक्यं अख्खीच्या अख्खी उचलतो (इकोलालिया, याला ‘पोपटपंची’ म्हणू नका, प्लीज). तहान लागली की ‘तुला पाणी हवंय?’ असं म्हणतो, कारण पाणी मिळण्याआधी नेहमी तेच वाक्य कानावर पडतं. एकदा दूध उतू गेलं तेव्हा मी ओरडले होते, ‘गॅस बंद कर, गॅस!’ तेव्हापासून आवाज असह्य झाले की कानांवर हात ठेवून तो तेच म्हणतो. पाहुणे स्वयंपाकघराकडे धावतात, आम्ही टीव्ही बंद करतो.