शब्दचर्चा : होमबली की होमार्पण?

प्रश्न : प्रार्थनासभेत बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा पहिला अध्याय वाचत होतो. माझ्या प्रतीत ‘होमबली’, शेजारच्या ताईंच्या प्रतीत ‘होमार्पण’. मूळ हिब्रू शब्द काय आहे? आणि आपण वेदीवर काहीच जाळत नाही, मग भक्तीत हा शब्द कोणत्या अर्थाने घ्यायचा?

– मूळ शब्द ‘ओलाह’. धातूचा अर्थ वर जाणे, चढणे. म्हणजे शब्दात जाळणंही नाही आणि मारणंही नाही; वेदीवरून धुराबरोबर वर जाणारं ते ओलाह. इस्राएलला कायमचं राहायला जाण्याला ‘आलिया’ म्हणतात, तो याच धातूचा. कोकणातल्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) घरांतून किती जण आलिया करून गेले! (आपल्या ‘ओला’शी काही नातं नाही. पण कर्मेल डोंगरावर एलिया संदेष्ट्याने होमबलीवर चार घागरी तीनदा ओतवल्या, तेवढी एक ओलाह चिंब ओली होती.)

– छान. पण ‘बली’वर माझा आक्षेप आहे. मराठीत आता बळी म्हणजे अपघाताचे, दुष्काळाचे. अर्पणाचा अर्थ गळून नुसता मेलेला माणूस उरला. ग्रीक भाषांतरातल्या ‘सबंध जाळलेले’ या शब्दाचंही तेच झालं, त्यातूनच ‘होलोकॉस्ट’ आला, नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचं नाव. म्हणून अनेक ज्यू लोक त्या संहाराला ‘शोआ’, म्हणजे आपत्ती, म्हणतात. ते अर्पण नव्हतंच.

– मग ‘होमार्पण’ बरं?

– ते फारच मऊ वाटतं. रविवारच्या दानालाही आपण अर्पणच म्हणतो. ओलाहचं वैशिष्ट्य असं की त्यातून माघारी काहीच येत नाही. शांत्यर्पण हा अर्पणाचा दुसरा प्रकार; त्याचं मांस देणारा घरच्यांबरोबर बसून खाई, आपल्या प्रसादासारखं. ओलाहमध्ये कातडं तेवढं याजकाचं (पुरोहिताचं), बाकी सगळं वेदीवर. हातचं राखून काही नाही. बैल परवडत नसेल त्याला मेंढरू किंवा बकरा, तेही नसेल तर पारवा किंवा होला. पण तोही सबंधच. मरीया आणि योसेफ बाळ येशूला घेऊन मंदिरात गेले तेव्हा दोन पक्ष्यांचंच अर्पण होतं, आणि बाळंतिणीच्या नियमाप्रमाणे त्यातला एक होमबली.

– आमचे पाळक रोमकरांस 12:1 मधला ‘जिवंत यज्ञ’ म्हणजे होमबलीच, असं शिकवतात.

– शिकवण म्हणून ठीक, शब्दार्थ म्हणून नाही. पत्र लिहिणाऱ्या पौलाने तिथे ‘थुसिया’ हा यज्ञाचा ग्रीक सर्वसाधारण शब्द वापरलाय. शिवाय इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय सांगतो की ख्रिस्ताचं अर्पण एकदाच, सर्वकाळासाठी. तेव्हा आपण पापं फेडायला होमबली होत नाही. ती फिटल्यावर उरतं ते स्वतःला सबंध देणं. स्तोत्र 51 मध्ये दाविदाची कबुली आहेच की देवाला होमबली नको, भग्न हृदय हवं.

– यरुशलेमात रोज सकाळ-संध्याकाळ एकेक कोकरू वर जाई. इ.स. 70 मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं, तेव्हापासून ज्यू त्या वेळांना प्रार्थना म्हणतात. ‘होमबली’ वाचलं की मला आधी त्या दोन वेळा आठवतात, कोकरू नंतर.

– मूळ प्रश्नकर्ता : आभारी आहे. माझ्या प्रतीत ‘होमबली’ तसाच राहू देतो. समासात पेन्सिलीने ‘वर जाणारे, सबंध’ एवढंच लिहिलंय. ताईंनाही दाखवलं, त्या म्हणाल्या, ‘सबंध’ला अधोरेखा करा.