जातमुचलका, जामीन आणि ‘सरकारी वकील’

तापीकाठ : एका शब्दाचा नीट अर्थ हवा आहे आणि घाईने हवा आहे. माझ्या चुलत भावाच्या मुलाला बांधाच्या भांडणात अटक झाली. काल जामिनाचा हुकूम झाला. त्यात ‘रु. 15,000 चा जातमुचलका व तितक्याच रकमेचा एक लायक जामीनदार’ असं लिहिलंय. काकू हे ऐकून घरी गेली आणि संध्याकाळी पोराचा जातीचा दाखला घेऊन आली, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून. ‘जात लिहिलंय ना त्यात,’ म्हणाली. मी तिला ‘तसं नसतं’ एवढंच सांगू शकलो. कसं असतं, ते मलाही धड माहीत नव्हतं.

पांझरा : भाऊ, काकूंचं चुकलं नाही. शब्दच तसा ऐकू येतो. धुळ्याला वकिलांकडे कारकुनी करण्यात माझी 30 वर्षं गेली आणि हाच प्रश्न कितीतरी आयांनी विचारलेला आहे.

मराठीत ‘जात’ दोन आहेत. एक संस्कृत ‘जाति’वरून आलेली, दाखल्यावरची. दुसरी अरबी ‘ज़ात’, फारसीतून आलेली. तिचा अर्थ स्वतः, खुद्द. ‘साहेबांनी जातीने लक्ष घातलं’, ‘जातीने हजर राहा’ असं आपण म्हणतो ती ही जात. जातमुचलका म्हणजे ज्याने त्याने स्वतः लिहून दिलेला मुचलका. मुचलका हा मूळ तुर्की वळणाचा शब्द, तोही फारसीतूनच आला. अर्थ लेखी हमी. मी तारखेला हजर राहीन, नाही राहिलो तर इतके रुपये सरकारजमा करीन, असं पोरगा स्वतः सहीनिशी लिहून देतो. त्या वेळी पैसे भरावे लागत नाहीत. काकूंना हे आधी सांगा, नाहीतर त्या पंधरा हजारांसाठी सोनाराकडे जातील.

आता जामीन. अरबीत ‘ज़ामिन’ म्हणजे हमी घेणारा माणूस, आणि त्याने दिलेली हमी ती ‘ज़मानत’. जुन्या मराठी कागदांत जामीन हा माणूसच आहे. माणूस हजर करण्याची हमी घेणारा तो हाजीरजामीन, पैशाची हमी घेणारा तो मालजामीन. ‘मी त्याला जामीन राहिलो’ या वाक्यात तो अर्थ अजून शाबूत आहे. पुढे सुटकेलाच आपण जामीन म्हणायला लागलो, मग माणसासाठी शब्द उरला नाही, म्हणून ‘जामीनदार’ केला. शिरपूर, चोपड्याकडची माणसं अजून ‘जमानत भेटी का?’ असंच विचारतात. कुणी त्यांना हसू नये. त्यांचा शब्द मुळाला जास्त धरून आहे.

तुमच्या हुकुमात दोन्ही हम्या आहेत, पोराची स्वतःची आणि दुसऱ्या माणसाची. जामीनदाराचा सातबारा आणि आधार न्यावा, आणखी काय लागेल ते वकिलांच्या कारकुनाला आजच विचारून घ्या. सातबारा ताजा काढा, जुन्यावर अडतं.

सातपुडा : नाना, तुम्ही सांगितलंत त्यात एक जोडते. गुन्हा जामीनपात्र असेल आणि अटकेपासून आठवड्याभरात माणसाला जामीनदार मिळाला नाही, तर तो निर्धन आहे असं मानून नुसत्या जातमुचलक्यावर सोडावं, असं कायद्यातच आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 436 होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 478 आहे. आणि ‘अजामीनपात्र’ या शब्दाने घाबरून जाऊ नका. जामीन मिळतच नाही असा त्याचा अर्थ नाही. तो हक्क म्हणून मागता येत नाही, न्यायालय विचार करून देतं, एवढंच.

पण मला सगळ्यात जास्त छळतो तो दुसराच शब्द : सरकारी वकील. मी नंदुरबार जिल्ह्यात वकिली करते. सरकारी दवाखाना म्हणजे फुकट औषध, सरकारी शाळा म्हणजे फुकट शिक्षण, मग सरकारी वकील म्हणजे गरिबाला फुकट मिळणारा वकील, असं लोक धरतात. त्यात वावगं काय आहे? भाषेने हेच तर शिकवलंय. कोर्टात मात्र सरकारी वकील हा आरोपीच्या विरुद्ध उभा असतो. एकदा धडगावकडून आलेले एक म्हातारे बाबा व्हरांड्यात सरकारी वकिलांना गाठून मुलाची सगळी हकिकत सांगायला लागले, काठी कुणाच्या हातात होती इथपर्यंत. त्या भल्या माणसाने हात वर करून त्यांना थांबवलं. ‘बाबा, मला सांगू नका, मी समोरच्या बाजूचा आहे.’ बाबांना ते कळेना. मराठी त्यांची दुसरी भाषा, त्यात हा शब्द. ते मला विचारत होते, ‘सरकार आमचं नाही का?’

गरिबाला मोफत मिळतो तो वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो. त्यांच्या कार्यालयाला आता ‘लोकअभिरक्षक’ असा शब्द आहे. चांगला शब्द आहे, पण एसटी स्टँडवर तो कुणाला ठाऊक आहे? 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोठडीतला माणूस, बाई, मूल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस यांना उत्पन्न न बघता हा वकील मिळतो. मी अशिलांना सांगते, ‘फुकटचा सरकारी वकील’ म्हणूच नका, ‘आपल्या बाजूचा वकील’ म्हणा.

गिरणा : मला ‘आरोपी’ शब्दाचं वाईट वाटतं. फिर्याद करतो तो फिर्यादी. मग तोच ‘ई’ लावून आरोप करतो तो आरोपी व्हायला हवा होता. झालं उलटं, ज्याच्यावर आरोप आहे तो आरोपी. आणि गावात तर आरोपी आणि गुन्हेगार यांत फरकच उरलेला नाही. ‘त्याच्यावर गुन्हा दाखल झाला’ एवढं छापून आलं की पोराचं लग्न मोडतं. गुन्हा दाखल होणं आणि शाबीत होणं यांत वर्षांचं अंतर असतं. जुन्या लोकांचा ‘कच्चा कैदी’ हा शब्द मला जास्त खरा वाटतो. कच्चा म्हणजे अजून काही ठरलेलं नाही.

सातपुडा : अगदी खरं. त्यात ‘कबूल’ची भर घाला. दोषारोप वाचून दाखवल्यावर न्यायाधीश विचारतात, गुन्हा कबूल आहे का? किरकोळ खटल्यात कुणीतरी कानात सांगतं, ‘कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो.’ पोरगं होय म्हणतं, दंड भरतं आणि सिद्धदोष होतं, म्हणजे गुन्हा शाबीत झाल्याची नोंद होते. पुढे पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणीच्या वेळी तो कागद पुढे येतो. ‘कबूल’ म्हणायच्या आधी वकिलाला विचारा. आणि वकिलाला सगळं खरं सांगा, भांडणात आपल्या पोराने काय केलं तेही. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं वकिलाला त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 132 त्यासाठीच आहे.

पांझरा : ‘वकील’ या शब्दातच ते आहे, ताई. अरबी मुळात अर्थ, ज्याच्यावर काम सोपवलं तो. पेशवाईत दुसऱ्या दरबारी धन्याच्या वतीने बोलायला ठेवलेल्या माणसाला वकीलच म्हणत. आपल्याकडे ‘वकील लावला’ म्हणतात, मजूर लावावा तसं. ‘वकीलपत्र दिलं’ हे बरोबर आहे. सोपवतो आपण. म्हणून कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नये, नाव-नंबर भरलेला बघून करावी. त्या सहीने गुन्हा कबूल होत नाही, ही भीतीही काढून टाका.

तापीकाठ : नाना, ताई, तुमचं सगळं मी काकूला अहिराणीत सांगितलं. जातीचा दाखला तिने परत पेटीत ठेवला. अडलं ते सातबाऱ्यावर. शेत अजून काकांच्याच नावावर आहे, वारसनोंद झालेलीच नाही. आज सकाळी शेजारचे आबा आपला उतारा घेऊन आले. त्यांच्या बैलांना याच पोराने दोन उन्हाळे पाणी पाजलंय. म्हणाले, मी राहतो जामीन. दुपारी कागद झाले. मी अजून कोर्टाच्या आवारातच होतो, तेवढ्यात काकूने घरी फोन लावला. पोरगं सुटल्याचं ती नंतर बोलली. पहिलं वाक्य होतं (अहिराणीत ‘भेटना’ म्हणजे भेटला), ‘माले जामीन भेटना, आबा.’